जानीची सुई

ते साल २०२३. भातं कापून झाली होती, नाचणी अजून उभी होती, वाघबारस आठ-दहा दिवसांवर आली होती. तलासरी तालुक्यात, पार पूर्वेच्या डोंगराला टेकलेल्या करंजपाड्यात, जानीचा मुलगा मुकेश ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचा आणि येणारे-जाणारे त्याच्या पोटाकडे बघायचे. हात काटक्यांसारखे, डोळे हळदीत बुडवल्यासारखे, आणि पोट मात्र हंड्याएवढं. वय अवघं छत्तीस.

पाड्याने निकाल कधीच लावून टाकला होता. दारू. मुकेशचा बाप मोहाची पिऊन पिऊन असाच पोट फुगून गेला होता, तेव्हा पोरगाही त्याच वाटेने निघाला यात कुणाला नवल वाटलं नाही. खरं तर बापाला तसं मरताना पाहिलं, म्हणूनच मुकेशने दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. लग्नात ताडीचा पेला पुढे आला तरी तो हसून शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. किनाऱ्याकडच्या वाड्यांतले चिकू टेम्पोत भरून वापीच्या बाजारात पोचवणं हा त्याचा धंदा. गाडी चालवणाऱ्याने प्यायची नसते, असं तो म्हणायचा. त्यावरही लोकांचं उत्तर तयार असायचं. गुजरातेत दारूबंदी आहे ना, म्हणून बिचारा इथूनच भरून नेतो, पोटात.

हा टोमणा मूळचा काकड्याचा. काकड्या म्हणजे मुकेशचा सासरा, ओढ्यापलीकडच्या वरच्या पाड्यात राहणारा. भादव्यात तो आला आणि आपल्या पोरीला, प्रगतीला, घेऊन गेला. तिला तेव्हा पाचवा महिना होता. जानीने सुनेचा हात धरला, तसा काकड्या म्हणाला, "सोड, विहीणबाई. तुझ्या नवऱ्याने बाटलीशी संसार केला, पोरगाही तिलाच घेऊन बसलाय. तिथे माझी पोर सवत म्हणून नांदणार नाही."

त्याच्या स्वतःच्या तोंडाला त्या सकाळी मोहाचा वास येत होता. जानीने सुनेचा हात सोडला.

प्रगतीने निघताना नवऱ्याला एकच विचारलं होतं, "खरं सांग, पितोस ना?"

"नाही."

"डॉक्टर पण म्हणाला, दारू बंद कर."

"त्याने मला विचारलंच कुठे? पोट बघितलं आणि बोलला."

तिचा विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? ज्याचं पोट असं झालं आणि जो पीत नव्हता, असा माणूस तिने पाहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून जानीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पोराला दारुड्या म्हणून मरू द्यायचं नाही. तो जगावा म्हणून तिने देवापुढे कोंबडा कापला, झाडपाला दिला; पण जगणं आपल्या हातात नाही हे तिला नवऱ्याच्या वेळी कळून चुकलं होतं. नाव तरी आपल्या हातात असेल, असं तिला वाटत होतं. नाव साफ झालं तर सून परत येईल, आणि पोर बापाच्या ओट्यावर येईल.

म्हणूनच आशाताईने जेव्हा सांगितलं, की मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याचे लोक आश्रमशाळेत आलेत आणि न पिणाऱ्यांचं लिव्हर का बिघडतं त्याचा अभ्यास करतायत, तेव्हा जानी हातातलं सूप ठेवून उठली.

आश्रमशाळेच्या व्हरांड्यात एक पोरसवदा डॉक्टरीण बसली होती. नाव ऋचा. डहाणूजवळच्या सरावलीची, वाडीवाल्यांच्या घरातली. जानीने तरुणपणी त्या बाजूला चिकू उतरवले होते. कुणाच्या वाडीतली, कुणाची नात, हे तिने आधी विचारून घेतलं आणि मगच मुकेशला पुढे केलं.

"दारू पिता?" ऋचाने विचारलं.

"नाही."

तिने ‘नाही’ लिहिलं. मान वर करून त्याच्या तोंडाकडे संशयाने पाहिलं नाही, पोटाकडे पाहिलं नाही, नुसतं लिहिलं. जानीला वाटलं, इथेच हिच्या पाया पडावं.

तिच्याकडे एक मशीन होतं. बरगडीवर एक दांडी टेकवायची. ती टिचकी मारल्यासारखी ठोकते, आणि आतलं लिव्हर मऊ आहे की कडक, त्याचा आकडा येतो. धडधाकट माणसाचा चार-पाच. जसजसं आतून वण पडून कडक होत जातं, तसतसा आकडा चढतो. रांगेतल्या बायका एकमेकींचे आकडे विचारत होत्या, "तुझे किती मार्क?" म्हणून हसत होत्या. मुकेशच्या पोटावर मात्र ऋचाने ते लावलंच नाही. पोटात पाणी असलं की ठोका आत पोचत नाही, म्हणाली. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एका पट्टीवर टाकला. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या. तिने त्या दोनदा पाहिल्या.

"दारूचं नाही हे," ती म्हणाली. "हा एक विषाणू असतो, हिपॅटायटिस बी. रक्तातून येतो. लहानपणी शिरला की पंचवीस-तीस वर्षं गुपचूप राहतो आणि लिव्हर खात बसतो. माणसाला पत्ता लागत नाही."

जानीने मुकेशकडे पाहिलं. मुकेश हसला. किती तरी महिन्यांनी हसला.

हसणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी डहाणूला सोनोग्राफी झाली आणि लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ दिसली, तिच्या शेजारी आणखी दोन बारक्या. ऋचाने त्या दोघांना बाकावर बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं आणि काही न लपवता सांगितलं. पाणी काढता येईल, दुखणं कमी करता येईल. गाठीचं आता काही करता यायचं नाही. चार-पाच वर्षं आधी कळलं असतं तर रोजची एक गोळी पुरली असती. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

मुकेशने विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने. कदाचित तीन."

जानी रडली नाही. म्हणाली, "बाय, मला एक कागद दे. दारू नाही असं लिहून. सही-शिक्क्याचा."

"देते. पण आजी, तुमच्या सुनेचं रक्त आधी तपासायला हवं. तिला हा आजार असेल तर सातव्या महिन्यापासून गोळी द्यावी लागते. आणि बाळ जन्मलं की त्याच दिवशी दोन इंजेक्शनं. तेवढं केलं तर बाळ वाचतं. नाही केलं, तर याच्यासारखंच, पुढे कधीतरी." तिने मुकेशकडे पाहिलं. "मी त्यांच्या पाड्यात दोनदा जाऊन आले. तिचे वडील अंगणात उभं करत नाहीत. म्हणतात, तुम्ही रक्त नेऊन विकता."

सातवा महिना उलटत आला होता. जानीने बोटांवर दिवस मोजले.

मग ऋचाने वही उघडली. करंजपाड्यातल्या एकशे चाळीस जणांचं रक्त तपासलं होतं. सतरा जणांत हा विषाणू निघाला. लहान पोरांत जवळजवळ नाही, त्यांना लस मिळालेली. बहुतेक तिशीच्या पुढचे. आणि सतरापैकी चौदांच्या अंगावर जुनं गोंदण.

"कुणी गोंदलं म्हणून विचारलं," ती हळू बोलली, "तर सगळे तुमचं नाव घेतात."

घेणारच. पंचवीस-तीस वर्षं त्या सगळ्या डोंगरात जानीइतका हलका हात कुणाचा नव्हता. चैत्री पुनवेला डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा लागायची, तिच्या आधीचे पंधरा दिवस जानी पाड्यापाड्यांतून फिरायची. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, करवंटीत दिव्याची काजळी, आणि काखेला झोळी. लग्न ठरलेल्या पोरी तिच्यापुढे ओळीने बसायच्या. तुळस, विंचू, मोर, भावाचं नाव. पोरी रडायच्या, बाकीच्या हसायच्या, कुणीतरी गाणं धरायची. त्या दुपारी जानीला अजून एकेक करून आठवत. पुढे जत्रेत विजेवरची मशीनं आली, पोरींना इंग्रजी अक्षरं हवीशी वाटायला लागली, आणि जानीने झोळी खुंटीला लावली ती लावलीच.

"सुया कशाने धुवायच्या?"

"हळदीच्या पाण्याने."

"उकळायच्या नाहीत?"

"उकळली तर धार जाते, बाय."

"एका बैठकीला किती जणी?"

"बारा. कधी पंधरा."

ऋचा लिहीत होती. तेवढ्यात तिची नजर मुकेशच्या पायाकडे गेली. सुजलेल्या पोटरीवर हिरवट ठिपके होते, कुणी नाचणी सांडावी तसे. ना त्यात फूल, ना वेल.

"हे कसलं गोंदण?"

मुकेशच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "ती माझी पहिली नोकरी," तो म्हणाला. "आयेबरोबर मी पण जायचो. चार-पाच वर्षांचा असेन. कुठली पोर घाबरली, हात देईना, की आय आधी मला टोचायची. म्हणायची, बघ, मुकेश रडला का? मी कधी रडलो नाही. मग पोर हात द्यायची. मला गुळाचा खडा मिळायचा."

ऋचाचं पेन थांबलं.

जानीलाही तेव्हाच कळलं. त्या आधी नाही. सुई एकीच्या दंडातून निघायची, दुसरी रडायला लागायची, आणि मध्ये तिचा स्वतःचा पोर असायचा, पाय पुढे करून बसलेला. दिवसातून चार वेळा. पाच वेळा. सहा वर्षं. दुसऱ्याच्या पोरींची भीती घालवायला तिने आपलंच पोर वापरलं होतं, आणि तेव्हा त्याचा तिला मोठा अभिमान वाटायचा.

"खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही," ऋचा घाईने म्हणाली. "जन्माच्या वेळी आईकडूनही येतो. तुमच्या रक्तात आज विषाणू नाही, पण कधीतरी येऊन गेल्याची खूण आहे. तेव्हा तुमच्याकडून गेला असेल, किंवा सुईने."

जानी म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून मीच की."

परतीची जीप आशागडपर्यंत भरलेली होती. पुढे माणसं उतरली, तेव्हा मुकेशने तोंड उघडलं.

"आये, सुईचं कुणाला सांगायचं नाही."

"आणि तुला दारुड्या म्हणतात ते?"

"म्हणू दे. मेल्यावर मला काय ऐकू येणार आहे? तुला इथे राहायचंय. विहिरीवर गेलीस तर बायका हंडे बाजूला घेतील. ज्याच्या घरात कुणी मेलं, तो तुझ्या दारात येऊन उभा राहील. प्रगतीला कागद दाखव, दारू नाही एवढंच सांग. बास."

"बरं," जानी म्हणाली. आणि तसंच करायचं तिने मनाशी ठरवलंही होतं.

वाघबारस झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून वरच्या पाड्यात गेली. काकड्या अंगणात भाताच्या ढिगाशी बसला होता, त्याची बायको हिरू पाखडत होती. प्रगती ओट्यावर, पोट सांभाळत भिंतीला टेकलेली.

"या, विहीणबाई," काकड्या म्हणाला. "जावई कुठपर्यंत पोचले? स्वर्गात दुकान लवकर उघडतं म्हणतात."

जानीने कागद पुढे केला. काकड्याला वाचता येत नव्हतं. त्याने तो उलटा-सुलटा करून प्रगतीकडे दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला. "बा, यात लिहिलंय, दारू नाही. रक्तातला आजार. माझं रक्त पण तपासायला सांगितलंय."

"मुंबईची पोरगी देते असले कागद. रक्ताची बाटली द्या, कागद घ्या." काकड्या जानीकडे वळला. "आणि काय गं, दारूने नाही, तर आला कुठून हा आजार? वाऱ्याने आला? त्याला एकट्यालाच बरा सापडला!"

हा प्रश्न तिने धरलाच नव्हता. एवढा साधा प्रश्न, आणि जीपमध्ये दोघांपैकी कुणाला सुचला नव्हता. उत्तर नाही म्हटलं की कागद खोटा; कागद खोटा की रक्त तपासणार नाहीत. काकड्या थांबून बघत होता. प्रगतीही बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच, खरं काय ते ऐकायची तयारी होती.

जानी हिरूच्या समोर जाऊन खाली बसली. तिचा उजवा हात धरून तिने कोपराच्या वरची तुळस पुढे केली.

"ही मी काढली. तुझं लग्न ठरलं त्या साली, तुझ्या बापाच्या अंगणात. तुझ्या आधी तुझी चुलतबहीण बसली होती, तिच्या आधी पाटलाची सून. तू फार रडत होतीस, हिरू. हातच देत नव्हतीस. तुझ्यासाठी मी मुकेशला तीनदा टोचला. त्याच सुईने."

हिरूने हात सोडवला नाही. "आठवतंय," ती पुटपुटली. "नऊ वर्षांचा होता. माझ्याकडे बघून हसत होता."

"त्या सुईने आलाय. माझ्या. डॉक्टरीण म्हणते नक्की सांगता येत नाही, पण मला कळतंय. तुझ्या अंगातून त्याच्या अंगात गेला की त्याच्या अंगातून तुझ्या, ते देवाला माहीत. तुझ्यातून प्रगतीत गेला असेल तर तिच्या पोरात जाईल. म्हणून आले."

काकड्या उठला. "म्हणजे माझ्या बायकोने तुझा पोरगा मारला म्हणतेस? माझ्या अंगणात बसून?"

"सुईने मारला म्हणते. सुई माझी होती."

"साऱ्या डोंगराला विष टोचत फिरलीस आणि आता सांगायला आलीस? ऊठ इथून! ऊठ!" त्याने खरोखरच भाताची एक पेंढी उचलून तिच्या अंगावर भिरकावली. ती उठली नाही. त्याने दुसरी उचलली. तेवढ्यात प्रगती ओट्यावरून खाली उतरली आणि चपला शोधायला लागली.

"तू कुठे निघालीस?"

"डहाणूला. आशाताईला फोन करते, गाडी मागवते."

"तपासायचं नाही म्हणून सांगितलंय!"

"तुझ्या पोटात आहे का पोर?" प्रगती म्हणाली. एवढंच. हिरूने सूप भिंतीला लावून ठेवलं आणि पदर खोचून तिच्या मागे चालायला लागली. काकड्या हातात पेंढी घेऊन तसाच उभा राहिला.

दोघींच्याही पट्टीवर दोन रेघा आल्या. प्रगतीची गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

मुकेशला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बाहेरून. त्याने आईकडे पाठ केली. "नाही म्हणून सांगितलं होतं तुला," एवढं बोलला, आणि पुढचे दोन दिवस तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. प्रगती भेटायला आली, तेव्हा तो तिच्याशी बोलला. काय बोलला ते जानीने ऐकलं नाही. ती मुद्दाम ओढ्यावर गेली होती.

त्यानंतर चार दिवस ऋचा जानीच्या ओट्यावर वही घेऊन बसली. जानीला नावं सगळी आठवत नव्हती, पण हात आठवत होते. मनगटावर मोर, ती तलासरीकडच्या गिरगावात दिली. दंडावर विंचू, तिच्या भावाच्या हातावर पण नाव काढलं होतं. कोण कुणाच्या आधी बसलं, कोण रडलं, मुकेशला कितव्यांदा टोचला. दोनशे अकरा जणांची यादी झाली. ऋचा म्हणाली, अशी यादी कुठल्या दवाखान्यात मिळाली नसती. जानीला त्यात कौतुक करण्यासारखं काही वाटलं नाही.

मुकेश पौषात गेला, दुपारी, पोटातलं पाणी काढून डहाणूहून परत येताना, गाडीतच. शेवटच्या आठवड्यात तो आईशी बोलत होता, पण सुईबद्दल नाही.

त्याच्यानंतर अकराव्या दिवशी डहाणूच्या सरकारी रुग्णालयात प्रगतीला मुलगी झाली. दोन्ही इंजेक्शनं दोन तासांच्या आत दिली गेली. वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. प्रगती माहेरीच राहिली. आता तलासरीच्या बाजारात भाजी विकते, रोज गोळी घेते. मुलीला घेऊन ती सासूकडे सणाला यायची, ओट्यावर बसायची आणि दिवस कलायच्या आत निघायची.

हिरूच्या लिव्हरचा आकडा सतरा निघाला. ती अजून हिंडती-फिरती आहे, गोळी चुकवत नाही. काकड्याची दारू सुटली नाही. मात्र कुठल्याही लग्नात पेला हातात आला की तो एक वाक्य हटकून बोलतो, माझ्या जावयाने हिला कधी हात लावला नव्हता. ऋचाचा अभ्यास छापून आला. ती आता मुंबईला असते, सहा महिन्यांनी एकदा तपासायला येते. यादीतले एकशे अठ्ठावन्न जण सापडले, त्यांत चौतीस जणांना आजार निघाला. चौघांना फार उशीर झाला होता. त्या चौघांपैकी एकाचा भाऊ खरंच जानीच्या दारात येऊन उभा राहिला, तासभर.

विहिरीवरच्या बायका जानीला पाणी भरू द्यायच्या, पण आपले हंडे उचलून घ्यायच्या. जानी २०२५ च्या पावसाळ्यात तापाने गेली. सुनेने येऊन सगळं केलं.

यादीतले त्रेपन्न जण अजून सापडायचे आहेत. त्यात एक बाई आहे, गालावर तीन ठिपके, डाव्या हातावर मासा, उंबरगावच्या बाजूला दिलेली, नाव जानीला काही केल्या आठवलं नव्हतं. आशाताई त्या बाजूची माणसं भेटली की अजून विचारते.